‘सहभागिता’ आणि ‘अन्योन्यते’ : चामराजपेटेतील एका धर्मसभेच्या निमित्ताने

बंगळूरच्या जुन्या पेठेला लागून १८९२ साली चामराजपेट ही नवी वसाहत आखण्यात आली. म्हैसूरचे दहावे चामराजेंद्र वडियार यांचे नाव तिला मिळाले. सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या आणि सारख्या मापाची घरे अशी तिची मूळ रचना होती. कन्नड साहित्याच्या अभ्यासकाला ही वसाहत अर्थातच कन्नड साहित्य परिषदेमुळे ठाऊक असते. १९१५ साली स्थापन झालेली ही संस्था येथील पंप महाकवी मार्गावर आहे. संगीताच्या रसिकाला ती रामनवमीच्या मंडपातल्या मैफलींमुळे ठाऊक असते. सेंट ल्यूक्स चर्च मात्र या दोघांच्याही नकाशात सहसा नसते. बिशपप्रणीत, म्हणजे मूळच्या अँग्लिकन परंपरेतील आणि १९४७पासून दक्षिण भारतीय चर्चमध्ये समाविष्ट असलेली ही धर्मसभा आहे. तिच्या निमित्ताने एक प्रश्न मांडता येतो. ख्रिस्ती धर्मसभेच्या सामुदायिक जीवनाला इंग्रजीत ‘फेलोशिप’ म्हणतात. भारतीय भाषांनी तिला कोणती नावे दिली, आणि त्या नावांमागे कोणत्या सामाजिक कृती उभ्या आहेत?

या प्रश्नाला धर्मशास्त्राचे अंग आहे, पण येथे त्याचा विचार भाषांतराच्या आणि सामाजिक इतिहासाच्या अंगाने करायचा आहे. मराठीत ख्रिस्ती साहित्याचा अभ्यास प्रायः व्यक्तींच्या मतांतराच्या कथांभोवती फिरतो. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि पंडिता रमाबाईंची पत्रे ही त्याची मुख्य साधने आहेत. मतांतरानंतर माणूस जिथे जाऊन बसतो ती मंडळी, तिची बाके, तिची हजेरी, तिची भांडणे आणि तिचे जेवण यांकडे आपले लक्ष कमी गेले आहे.

प्रथम इतिहास थोडक्यात. बंगळूरच्या किल्ल्यात म्हैसूर दरवाजाच्या आत १८०३ साली एक लहान प्रार्थनागृह उभे राहिले. लोक त्याला ड्रमंड चॅपेल किंवा नुसते फोर्ट चॅपेल म्हणत. पेठेच्या परिसरातील ते पहिले प्रॉटेस्टंट प्रार्थनागृह होते. श्रीरंगपट्टणचा पाडाव होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. बाकांवर बसणारे लोक मुख्यतः सैनिक आणि अधिकारी असत. आज बदली झाली की उद्या दुसरीकडे, अशी ती वस्ती होती. पुढे १८०९पासून छावणी वेगळी वाढू लागली आणि सेंट मार्क्ससारखी अँग्लिकन चर्चेही तिकडेच उभी राहिली. किल्ल्यातले चॅपेल सेंट मार्क्सच्या पाद्र्यांच्या देखरेखीखाली राहिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात म्हैसूर सरकारने ते ताब्यात घेऊन पाडले. ती जागा आज वाणीविलास रुग्णालयाच्या आवारात आहे. मोबदल्यात मिळालेली जमीन आणि रक्कम यांतून चामराजपेटेत सेंट ल्यूक्स उभे राहिले.

हे स्थलांतर इमारतीपुरते नव्हते. ‘पॅरिश’ या शब्दाच्या मुळाशी ग्रीक ‘पारोइकिया’ आहे. परक्या मुलखात शेजारी म्हणून तात्पुरती वस्ती करणाऱ्यांचा समूह, हा त्याचा मूळ अर्थ. किल्ल्यातले चॅपेल या अर्थाने अगदी शब्दशः ‘पारोइकिया’ होते. चामराजपेटेत आल्यावर ती सभा संस्थानच्या हद्दीत, कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि मराठी बोलणाऱ्या कुटुंबांच्या शेजाराला आली. छावणी आणि पेठ यांचा कारभार १९४९ पर्यंत वेगळा होता, हे लक्षात घेतले म्हणजे पेठेच्या बाजूला अँग्लिकन चर्च असणे किती अपवादात्मक होते ते कळते. छावणीतल्या चर्चला राज्यकर्त्यांचा शेजार होता, चामराजपेटेतल्या चर्चला मठ-मंदिरांचा आणि मशिदींचा.

आता शब्दांकडे वळू. ‘पॅरिश’साठी वसईच्या कॅथलिक मराठीत ‘धर्मग्राम’ हा शब्द रूढ आहे. त्यात ‘ग्राम’ आहे, म्हणजे भूमी आहे, शीव आहे. त्या शिवेच्या आत राहणारा प्रत्येक कॅथलिक त्या धर्मग्रामाचा. प्रॉटेस्टंट मराठीने ‘मंडळी’ हा शब्द घेतला. तो घरगुती आहे. ‘मंडळी जमली’, ‘मंडळी जेवायला बसली’ अशा बोलण्यातून तो थेट उचललेला आहे. जुन्या वळणाच्या घरात तर नवरा बायकोचा उल्लेखही ‘आमची मंडळी’ असाच करी. त्यात भूमी नाही, माणसे आहेत. कन्नडने ‘सभे’ घेतला. त्यात एकत्र येण्याला रीत आहे, अध्यक्ष आहे, ठराव आहे. ग्रीक ‘एक्क्लेसिया’ म्हणजे बोलावून जमवलेली नागरिकांची सभा. तिच्याशी हा शब्द अधिक जुळतो. दक्षिण भारतीय चर्चच्या इंग्रजी कारभारात आणखी एक शब्द आहे, ‘पास्टरेट’. येथे एकक ठरते पाळकावरून. कोणाचा पाळक कोण, यावरून क्षेत्र ठरते. एकाच वास्तवाकडे भूमीवरून, माणसांवरून, सभेवरून आणि पाळकावरून पाहणारे हे चार शब्द परस्परांचे पर्याय नाहीत. ज्याने जो शब्द निवडला, त्याने सामुदायिक जीवनाचे एक अंग उजळ केले आणि बाकीची सावलीत ठेवली.

‘फेलोशिप’च्या बाबतीत हा भेद अधिक टोकदार होतो. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘कोइनोनिया’. सामाईक असणे, एखाद्या गोष्टीत अनेकांचा वाटा असणे, हा त्याचा गाभा. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात आद्य ख्रिस्ती समूहाचे वर्णन करताना तो येतो, आणि करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या आशीर्वचनातही येतो. ते आशीर्वचन उपासनेच्या अखेरीस म्हणण्याची रीत आहे, त्यामुळे तो शब्द साध्यासुध्या सभासदाच्याही कानात बसलेला असतो. मराठी बायबलात पहिल्या ठिकाणी ‘सहवास’ आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सहभागिता’. तमिळनेही असेच दोन शब्द योजले आहेत. पहिल्या ठिकाणी ‘अन्योन्यम्’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘ऐक्यम्’. कन्नडने मात्र दोन्हीकडे ‘अन्योन्यते’ ठेवला आहे.

तिन्ही भाषांनी संस्कृतातून उचल केली, पण तीन वेगळ्या गोष्टी उचलल्या. ‘सहवासा’त एकत्र राहणे आहे, पण देवघेव असेलच असे नाही. एका चाळीत चाळीस वर्षांचा सहवास असतो आणि पाण्याचा पेला एकमेकांच्या हातचा चालत नाही, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ‘सहभागिता’ हा घडवलेला शब्द आहे. वाटा त्यात आहे, पण तो देवाशी असलेल्या नात्यात, आशीर्वचनाच्या उंचीवर. बोलीत तो कधी उतरला नाही. ‘ऐक्यम्’मध्ये भेद मावळतो. ‘अन्योन्यते’मध्ये भेद राहतो, दोघे दोघेच राहतात, पण एकाचे दुसऱ्यावाचून चालत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘कोइनोनिया’च्या सामाजिक आशयाच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द हाच. मराठीतही ‘अन्योन्य’ आहे, परंतु आपण तो तर्कशास्त्रातल्या ‘अन्योन्याश्रय’ दोषासाठी आणि अलंकारशास्त्रातल्या एका अलंकारासाठी राखून ठेवला. भाषांतरकारांना तो जवळचा का वाटला नाही, याचे उत्तर केवळ कोशात सापडणार नाही. ते पंगतीत शोधावे लागेल.

आपल्याकडे सामुदायिक जीवनाची मोजपट्टी रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार ही होती. कोण कोणाच्या पंगतीला बसतो, यावरून कोण कोणाचा हे ठरे. प्रभुभोजनात एकाच भाकरीचा तुकडा आणि एकाच पेल्यातला घोट सर्वांनी घ्यायचा असतो, म्हणून ख्रिस्ती उपासनेचा हा मध्यवर्ती विधी भारतीय समाजात सरळ रोटीव्यवहाराच्या प्रश्नाला जाऊन भिडला. दक्षिणेत हा संघर्ष आधी पेटला. तंजावर आणि वेपेरी येथील जुन्या सभांमध्ये वेल्लाळ आणि तथाकथित अस्पृश्य ख्रिस्ती वेगवेगळे बसत, आणि पेल्याचा क्रमही त्यानुसार असे. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली पत्र काढून हा भेद ताबडतोब आणि कायमचा बंद करण्याचा हुकूम दिला. याला विरोध करणाऱ्यांत तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम् शास्त्री अग्रभागी होते. जातिभेदाच्या समर्थनार्थ त्यांनी लिहिलेही होते. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे, कारण हे शास्त्री तंजावरच्या सरफोजीराजांचे सहाध्यायी. दोघेही श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या हाताखाली शिकले. एक भोसले कुळातला मराठी राजा, दुसरा ख्रिस्ती कवी. पंगतीच्या मर्यादेविषयी मात्र त्या कवीचे मत दरबारातल्या सनातन्यांपेक्षा फारसे वेगळे नव्हते.

हा प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने दुहेरी आहे. भेद मोडण्याचा हुकूम वरून, बिशपकडून आला. भेद राखण्याचा आग्रह सभेच्या आतून, ‘मंडळी’कडून आला. बिशपप्रणीत व्यवस्थेत अधिकार वरून खाली येतो आणि सामुदायिक जीवन आडवे पसरते, आणि या दोहोंचा छेद प्रत्येक वेळी सुखाचा नसतो. सत्तेचा हुकूम नेहमी जाचक आणि समूह नेहमी उदार, असे सोपे समीकरण येथे चालत नाही.

त्याच्या उलट बाजूचे उदाहरण मराठीत आहे, आणि तेही तितकेच ठसठशीत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे, अँग्लिकन भगिनींच्या मठाशी निगडित राहून झाला. त्यानंतरची त्यांची आणि सिस्टर जेराल्डिन यांची पत्रे १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली. ती वाचताना ‘सहभागिते’ची दोन प्रमाणे एकमेकांवर आदळताना दिसतात. रमाबाई शाकाहार सोडायला तयार नव्हत्या. जेराल्डिन यांना त्यात जातीचा अवशिष्ट अभिमान दिसला. क्रुसावरचा लेख लॅटिनऐवजी संस्कृतात का नको, असे रमाबाईंनी विचारले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यात मुंबईच्या बिशपांचे मत आडवे आले. मी ख्रिस्ताच्या चर्चची आहे, एका देशाच्या चर्चच्या अधिकाऱ्यांची आज्ञा मला जशीच्या तशी बांधत नाही, अशी त्यांची भूमिका होती. एकत्र येण्यासाठी एकाच ताटात जेवावे लागते काय, एकाच लिपीत प्रार्थना करावी लागते काय, हे प्रश्न त्यांनी विचारले. ‘अन्योन्यते’ला हे प्रश्न चालतात, ‘ऐक्या’ला ते सहन होत नाहीत. भाषांतरातल्या शब्दांची निवड अशी माणसांच्या आयुष्यात उतरते.

याच परंपरेचे पुण्यातले केंद्र म्हणजे गुरुवार पेठेतील पंचहौद मिशन. ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्यस्त पाद्री आणि वाँटेजच्या भगिनी यांनी ते वाढवले. पवित्र नाम देवालय १८८५ साली उभे राहिले. त्याचा उंच घंटामनोरा आजही पेठेवर नजर ठेवून आहे. नीलकंठशास्त्री गोरे यांच्यासारखा न्यायशास्त्राचा पंडित याच पंथाच्या सहवासात होता. परंतु मराठी समाजाच्या स्मरणात हे मिशन राहिले ते एका चहाच्या पेल्यामुळे. १८९० साली तेथील समारंभात न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींपुढे चहा आला. काहींनी तो घेतला, काहींनी नुसता स्वीकारून बाजूला ठेवला. गोपाळराव जोशी यांनी नावे छापून आणली. मग ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद वर्ष-दोन वर्षे चालला. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत त्याचा घरगुती ताण उतरला आहे.

या प्रकरणाकडे आपण सुधारकांच्या इतिहासातला एक गमतीदार प्रसंग म्हणून पाहतो. पंचहौदच्या मंडळीच्या बाजूने ते कसे दिसले असेल? त्या मंडळीत निरनिराळ्या जातींतून आलेली माणसे दर रविवारी एका पेल्यातून पीत होती. त्यांच्या पेल्याची वर्तमानपत्राने दखल घेतली नाही. प्रतिष्ठितांनी एकदा घेतलेला चहा मात्र सार्वजनिक घटना ठरला. तरीही सनातन्यांना एक गोष्ट अचूक कळली होती. चहा घेणे हे शिष्टाचारापुरते राहत नाही, ते सभासदत्वाच्या जवळ जाते, हे त्यांनी ओळखले. ‘कोइनोनिया’चा अर्थ भाषांतरकारांपेक्षा ग्रामण्य करणाऱ्यांना अधिक नेमका कळला होता, असे म्हटले तर ते धाडसाचे होईल, पण चुकीचे होणार नाही.

लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तली सोवळ्याची एकेक पायरी सोडत जाणारी बाई आठवावी. टिळक दांपत्य अमेरिकन मिशनचे, बिशपप्रणीत परंपरेचे नव्हे. पण रोटीव्यवहाराची वेस ओलांडताना शरीर किती अडते आणि मन किती मागे राहते, याचे मराठीत तिच्याइतके प्रामाणिक चित्रण दुसरे नाही. ना. वा. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, ही त्यामागची कल्पना होती. बिशपप्रणीत व्यवस्थेत ती बसणे शक्य नव्हते, कारण तेथे बाप्तिस्म्याची नोंदवही हीच सभेची वेस असते.

आता पुन्हा दक्षिणेकडे. १९१० साली एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरया यांनी भारतीय आणि परदेशी सेवकांच्या संबंधांवर केलेले भाषण गाजले. त्याग आणि दान पुष्कळ झाले, आता मैत्री द्या, अशी त्यांची मागणी होती. दोन वर्षांनी ते दोर्णकलचे बिशप झाले, अँग्लिकन परंपरेतील पहिले भारतीय बिशप. अधिकारपद मिळाले तरी मैत्रीचा प्रश्न सुटला नाही, आणि पुढल्या पिढीने त्याचे उत्तर संस्थेत व उपासनेत शोधले. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासमध्ये अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरा एकत्र येऊन दक्षिण भारतीय चर्च स्थापन झाले. बिशप राहिला, पण घटनेने बांधलेला, सिनॉड आणि समित्यांपुढे उत्तरदायी. बंगळूरात याचा अर्थ असा झाला की, किल्ल्यातल्या चॅपेलची वारसदार असलेली चामराजपेटेची सभा आणि हडसन स्मारक चर्चसारखी मूळची वेस्लियन कन्नड सभा एकाच बिशपाच्या छत्राखाली आल्या. इंग्रजी प्रार्थनापुस्तकाची सवय आणि कन्नड भजनाची सवय एकाच व्यवस्थेत नांदू लागली.

१९५० साली या चर्चच्या सिनॉडने प्रभुभोजनाची नवी उपासना मान्य केली. तिच्यात एक कृती पुन्हा आणली गेली, शांतीचा हस्तस्पर्श. केरळातील सिरियन परंपरेत ती टिकून होती, पाश्चात्त्य चर्चमधून सभाजनांच्या वाट्यातून ती बहुतांशी गेली होती. वेदीपासून सुरुवात होते. देणारा आपला उजवा तळहात घेणाऱ्याच्या उजव्या तळहाताला लावतो, दोघेही डाव्या हाताने दुसऱ्याचा हात झाकतात, आणि घेणारा पुढच्याला देतो. रांगेमागून रांग शांती अशी हातोहात मागे जाते. शेवटच्या बाकावरचा माणूस सुटत नाही, आणि शेजारी कोण आहे हे निवडता येत नाही.

अस्पृश्यता रद्द करणारे सतरावे कलम ज्या वर्षी अमलात आले त्याच वर्षीची ही उपासना. हा योगायोगच. कायद्याने नकार दिला, म्हणजे असे वागता येणार नाही. विधीने होकाराची कृती दिली, म्हणजे आता हा हात धरायचा आहे. जातिभेद दक्षिणेतल्या चर्चमधून यामुळे नाहीसा झाला असे कोणी म्हणणार नाही. विवाहांच्या जुळवणीत आणि स्मशानभूमींच्या वाटणीत तो अजून सापडतो, दलित ख्रिस्ती लेखनाने त्याची नोंद पुरेशी कठोरपणे केली आहे. पण ‘अन्योन्यते’ हा शब्द येथे तळहातांत उतरलेला दिसतो. देणारा आणि घेणारा वेगळे राहतात आणि दोघांचे हात एकमेकांत असतात. मराठी अभ्यासकाला वारीची आठवण होणे स्वाभाविक आहे. वारकरी भेटले की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात, तिथेही मोठा कोण हे ठरत नाही, आणि काल्याचा घास तोंडातून तोंडात जातो. म्हणजे कृती आपल्याकडे होती. ख्रिस्ती मराठीने शब्द निवडताना तिच्याकडे पाहिले नाही, ‘सहभागिता’ हा निर्जंतुक शब्द घडवला.

या उपासनेचा पुढला प्रवास तुलनाकारांसाठी विशेष उद्बोधक आहे. १९५०नंतर जगभरच्या उपासना-सुधारणांवर दक्षिण भारतीय नमुन्याचा प्रभाव पडला, हे त्या क्षेत्रातले अभ्यासक मान्य करतात. अमेरिकन एपिस्कोपल चर्चच्या १९७९ च्या प्रार्थनापुस्तकात सभाजनांनी परस्परांना शांती देणे नेहमीच्या उपासनेचा भाग झाले. भाषांतर नेहमी केंद्रातून परिघाकडे जाते, या गृहीतकाला येथे छेद मिळतो. अमेरिकेतल्या एखाद्या गावी रविवारी शेजाऱ्याचा हात धरणारा माणूस केरळ आणि मद्रासमार्गे आलेली कृती करीत असतो, तिचे मूळ त्याला ठाऊक असो वा नसो.

उपासनेबाहेरचे सामुदायिक जीवन याहून कमी गंभीर आणि अधिक गजबजलेले असते. दक्षिण भारतीय चर्चमध्ये स्त्रियांच्या संघटनेचे नावच ‘विमेन्स फेलोशिप’. आजारी माणसाकडे कोण जाईल, अंत्यविधीनंतर त्या घरी जेवण कोण पोचवील, हे बहुधा तिथे ठरते. पास्टरेट कमिटीच्या ठरावांत ते येत नाही. सुगीच्या सणाला घराघरांतून नारळ, केळीचे घड, कोंबडी, घरी केलेले लोणचे वेदीपुढे येते आणि उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो. एका भोपळ्याला बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लागते. ज्याने तो घेतला तो पुष्कळदा तिथल्या तिथे परत देतो, आणि त्याच भोपळ्यावर दुसरी बोली सुरू होते. शहरात ज्याच्याकडे शेत नाही तोही बाजारातून विकत घेऊन ‘पहिले फळ’ आणतो. अर्थशास्त्राला हा व्यवहार वेडगळ वाटेल. वस्तू फिरते, पैसा सभेकडे जातो, आणि बोली लावणाऱ्यांच्या थट्टामस्करीत कोणाचे कोणाशी काय नाते आहे ते सगळ्यांपुढे येते. ज्यांना बोली परवडत नाही ते कडेला उभे राहून हसतात, हेही खरे. मराठी मंडळ्यांत याच जातीचा कापणीचा सण होतो आणि त्यापाठोपाठ ‘प्रीतिभोजन’. ‘सहभागिता’ हा शब्द ज्यांच्या तोंडी फक्त आशीर्वचनात येतो, त्याच लोकांनी जेवणासाठी हा दुसरा शब्द सहज वापरात ठेवला आहे. अनंत हरी गद्रे यांचा झुणका-भाकर सत्यनारायण आणि सुधारकांची सहभोजने यांच्या शेजारी ‘प्रीतिभोजन’ ठेवून पाहिले, तर ‘कोइनोनिया’चे मराठी भाषांतर कोशाबाहेर, पत्रावळीवर झालेले आढळते.